सांठविलेली वीज

छत्रपति संभाजीनगर शहरांत खाम नदीच्या कांठीं बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे आणि त्या दर्ग्याच्या आवारांत पाणचक्की आहे. शहर पाहावयास येणारा प्रवासी तेथें जातो, हौदांतले मासे पाहतो, उंच भिंतीवरून कोसळणाऱ्या पाण्याचे तुषार अंगावर घेतो आणि परत फिरतो. ही चक्की कशाच्या बळावर चालते, हा प्रश्न मात्र फार थोड्यांना सुचतो. नदी अगदीं शेजारून वाहते. पण चक्कीचें पाणी नदीचें नव्हे. तें कांहीं मैलांवरील डोंगरांतल्या झऱ्यापासून भूमिगत नळांनीं आणलेलें आहे. तें प्रथम उंचावर चढतें, आणि उंचावरून खालीं पडतांना त्याच्या अंगीं जो वेग येतो त्यानें चाक फिरतें, चाकाबरोबर दगडी जातें फिरतें. सतराव्या शतकाची अखेर व अठराव्या शतकाचा पूर्वार्ध या काळांत ही सारी रचना उभी राहिली. दर्ग्यांत उतरणारे फकीर आणि यात्रेकरू यांच्यासाठीं तेथें धान्य दळलें जात असे.

या साध्या रचनेंत एक मोठें तत्त्व दडलेलें आहे. शक्ति मिळविणें ही एक गोष्ट, ती हवी तेथें नेणें ही दुसरी, आणि हवी त्या वेळेपर्यंत ती राखून ठेवणें ही तिसरी. डोंगरांतल्या झऱ्याला पीठ केव्हां हवें आहे हें ठाऊक नसतें. तो आपला अहोरात्र वाहत असतो. ती अडचण उंचावरच्या पाण्यानें दूर केली. उंचावर थांबलेलें पाणी म्हणजे थांबवून ठेवलेलें श्रम. गेल्या दोन शतकांत माणसानें विजेच्या बाबतींत जी धडपड केली, ती नेमकी याच तिसऱ्या गोष्टीसाठीं होय. या शहराच्या वाट्याला तर त्या धडपडीचा अनुभव पुरेपूर आला आहे.

पाण्याच्या बाबतींत शहराची परंपरा पाणचक्कीहूनहि जुनी आहे. मलिक अंबरानें १६१० मध्यें खडकी येथें नगर वसविलें, तेव्हां पहिला प्रश्न पाण्याचाच होता. भूगर्भांतून पाणी आणणारी नहर-ए-अंबरी त्यानें बांधली आणि निर्जल माळावर वस्ती उभी राहिली. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, ही नहर एका वाड्यासाठीं नव्हती. ती नगरासाठीं होती. या मुद्द्याकडे शेवटीं पुन्हां यावें लागेल.

विजेचा स्वभाव पाण्याहून फार निराळा. पाणी घागरींत राहतें, हौदांत राहतें, तळ्यांत राहतें. तारेंतून वाहणारी वीज कशांतच राहत नाहीं. विद्युत्‌गृहांत ज्या क्षणीं ती निर्माण होते, त्याच क्षणीं ती कोठें तरी खर्च व्हावी लागते. सारें शहर संध्याकाळीं एकदम दिवे लावूं लागलें, तर यंत्रांनाहि त्याच क्षणीं अधिक जोर लावावा लागतो. तो लावतां आला नाहीं, तर कोणाचा तरी दिवा मालवावा लागतो. म्हणून वीज राखून ठेवावयाची तर तिला वीज म्हणून ठेवतां येत नाहीं. तिचें दुसऱ्या कशांत तरी रूपांतर करून ठेवावें लागतें.

इटलींतील व्होल्टा यानें १८०० मध्यें धातूंच्या चकत्या एकावर एक रचून पहिला विद्युद्घट केला. परंतु त्याची वीज एकदां संपली कीं संपली. रिकामा झालेला घट पुन्हां भरतां यावा, ही युक्ति साधली ती फ्रान्समधील गास्ताँ प्लांते याला, १८५९ मध्यें. त्यानें शिशाचे दोन पत्रे सौम्य गंधकाम्लांत बुडविले. अशा भरलेल्या घटांतील एका पत्र्यावर शिशाचें तपकिरी ऑक्साइड असतें, दुसऱ्यावर स्वच्छ शिसें असतें. वीज घेऊं लागलें कीं दोन्ही पत्र्यांवर शिशाचें सल्फेट जमतें आणि अम्ल पातळ होत जातें. उलट दिशेनें वीज सोडली कीं सल्फेट विरघळतें, अम्ल पुन्हां तीव्र होतें आणि घट पूर्ववत् भरतो. अशा एका घटाचा दाब दोन व्होल्ट. सहा घट जोडले कीं बारा व्होल्ट. १८८१ मध्यें कामीय फॉर यानें पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची रीत काढली आणि हा घट प्रयोगशाळेंतून बाजारांत आला. आज मोटारींत आणि बहुतेक घरगुती इन्व्हर्टरच्या खालीं जी काळी पेटी दिसते, तिचें अंतरंग मूलतः तेंच आहे.

आपल्या देशांत विद्युद्घट दिव्यांच्या बऱ्याच आधीं आले. तारायंत्राचा कडकट्ट आवाज घटांच्या बळावरच चाले, आणि १८५४-५५ च्या सुमारास तारा देशभर पसरूं लागल्या तेव्हां तारघरांतून घटांच्या रांगा मांडलेल्या असत. त्यामागून आगगाडी आली. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास औरंगाबादवरून सुरू झाला. पुढें आगगाडीच्या डब्यांत विजेचे दिवे आले, तेव्हां डब्याच्या आंसावर चालणारा डायनामो आणि डब्याखालीं टांगलेली बॅटरी अशी जोडी बसविण्यांत आली. गाडी धांवत असतां डायनामो दिवेहि पेटवी आणि बॅटरीहि भरी. गाडी स्टेशनांत उभी राहिली कीं बॅटरी दिवे सांभाळी. रात्रीं गांव अंधारांत आणि फलाटाशीं उभी असलेली गाडी मात्र उजळलेली, हें दृश्य पाहणाऱ्याला चालती-फिरती वीज म्हणजे काय हें निराळें सांगावें लागत नसे.

घरोघर बॅटरी गेली ती हातांत धरावयाच्या दिव्याच्या रूपानें. कोरड्या घटावर चालणारा तो दिवा इतका परिचित झाला कीं, खेड्यांतल्या मराठींत ‘बॅटरी’ हा शब्दच त्या दिव्याचा वाचक झाला. रात्रीं मळ्यांत पाणी द्यावयास निघालेला शेतकरी ‘बॅटरी घे’ म्हणतो, तेव्हां त्याच्या मनांत घट नसतो, प्रकाश असतो.

परंतु सांठविलेल्या विजेनें या भागांत सर्वांत मोठें काम केलें तें आकाशवाणीचें. १९४७ मध्यें देश स्वतंत्र झाला तेव्हां संस्थानांच्या मालकीचीं पांच नभोवाणी केंद्रें होतीं : म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदें, हैदराबाद आणि औरंगाबाद. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामाचें राज्य भारतांत विलीन झालें, आणि १ एप्रिल १९५० रोजीं निजामाचीं केंद्रें अखिल भारतीय नभोवाणीकडे आलीं. केंद्र शहरांत असलें तरी ऐकणारा अनेकदां अशा ठिकाणीं असे कीं जेथें विजेची तार पोहोंचलेली नव्हती. त्या काळच्या दिव्यांच्या रेडिओला दोन प्रकारची वीज लागे : दिव्यांतील तंतु तापविण्यासाठीं दोन व्होल्टांचा शिशाचा घट, आणि वरच्या दाबासाठीं नव्वद व्होल्टांच्या आसपासची कोरडी बॅटरी. कोरडी बॅटरी महिनोन्‌महिने चाले. शिशाचा घट मात्र वारंवार भरून आणावा लागे. तो घेऊन कोणी तरी तालुक्याच्या गांवीं जावयाचें, दुकानांत तो भरावयास ठेवावयाचा, पूर्वीं दिलेला भरलेला घट उचलावयाचा आणि अम्ल सांडूं न देतां सायकलीवरून परत यावयाचें. चावडीवर बातम्या ऐकणाऱ्या मंडळींना दिल्लीचा आवाज ऐकूं येई. त्या आवाजामागची ही पायपीट ऐकूं येत नसे. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ च्या अखेरीस लागला. कांहीं वर्षांनीं तो रेडिओंत आला आणि ही पायपीट संपली. चार लहान सेलांवर रेडिओ खांद्याला अडकवून फिरूं लागला.

रेडिओ बॅटरीवर चालतो, मग घरांतला पंखा कां चालूं नये? येथें विजेच्या इतिहासांतली एक जुनी गुंतागुंत आडवी येते. घटांतून निघणारा प्रवाह एकाच दिशेनें वाहतो. घरांत येणारा प्रवाह दर सेकंदास पन्नास वेळां पुढें आणि पन्नास वेळां मागें जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या दोन प्रकारांत मोठी स्पर्धा झाली. तींत उलटसुलट प्रवाह विजयी झाला, कारण रोहित्राच्या साह्यानें त्याचा दाब वाढवून तो दूर नेतां येतो आणि घराजवळ पुन्हां कमी करतां येतो. खोपोली येथें १९१५ मध्यें टाटांचें जलविद्युत्‌गृह सुरू झालें आणि घाटांतल्या तलावांतून सांठविलेल्या पावसाच्या बळावर मुंबईच्या गिरण्या चालूं लागल्या, ती किमया याच प्रवाहाची. ज्या गुणामुळें वीज दूर जाऊं शकली, त्याच गुणामुळें ती घटांत शिरेनाशी झाली.

हें अंतर जोडणारें यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. त्याच्या नांवांतच त्याची कुळकथा आहे. उलटसुलट प्रवाहाचा एकदिश प्रवाह करणारीं फिरतीं यंत्रें आधींपासून होतीं. तींच उलट चालविलीं कीं एकदिश प्रवाहाचा उलटसुलट प्रवाह मिळे. अमेरिकन अभियंता डेव्हिड प्रिन्स यानें १९२५ मध्यें हेंच काम फिरत्या चाकाविना, नळ्यांच्या साह्यानें करण्याविषयीं लेख लिहिला आणि त्याला ‘इन्व्हर्टर’ असें नांव दिलें. पुढें मोटारींतल्या रेडिओसाठीं एक कंप पावणारी पट्टी वापरीत. ती बॅटरीचा प्रवाह तोडी-जोडी आणि रोहित्र त्याचा दाब वाढवी. ती पट्टी झिजे, चिकटे, गुणगुणे. १९५७ मध्यें थायरिस्टर आणि मागून प्रबळ ट्रान्झिस्टर आले, तेव्हां तोडण्या-जोडण्याचें काम कोणताहि भाग न हलतां होऊं लागलें. बारा व्होल्टांचा प्रवाह दर सेकंदास शंभर वेळां दिशा बदलतो, रोहित्र त्याला २३० व्होल्टांवर नेतें, आणि पंख्याला वाटतें कीं वीज विद्युत्‌गृहांतूनच येत आहे. स्वस्त इन्व्हर्टरचा प्रवाह ओबडधोबड असतो, म्हणून त्यावर पंखा घुमल्यासारखा आवाज करतो. चांगल्या यंत्राचा प्रवाह तरंगासारखा गुळगुळीत असतो.

हें यंत्र घरांत येण्याचें कारण मात्र विज्ञानांत नाहीं, टंचाईंत आहे. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें आणि त्याच वर्षीं राज्य विद्युत् मंडळ स्थापन झालें. १९७१ मध्यें बीड जिल्ह्यांतील परळी येथें औष्णिक विद्युत्‌केंद्र सुरू झालें. चिकलठाणें आणि वाळूज येथें कारखाने उभे राहिले, सिडकोच्या नव्या वसाहती झाल्या, मराठवाड्याच्या विहिरींवर मोटारी बसल्या. मागणी वाढत गेली. निर्मिति त्या मानानें वाढली नाहीं. दाभोळचा प्रकल्प २००१ मध्यें बंद पडला. २००५ मध्यें विद्युत् मंडळाच्या निरनिराळ्या कंपन्या करण्यांत आल्या आणि त्याच सुमारास टंचाईनें उग्र रूप धारण केलें. सरकारी भाषेंत तिला ‘भारनियमन’ असें भारदस्त नांव मिळालें. घरांत मात्र ‘लाइट गेली’ एवढेंच म्हणत.

भारनियमनाचें वेळापत्रक वर्तमानपत्रांत येई, आणि घरांतील स्त्रिया पंचांग पाहावें तसें तें पाहत. मिक्सर केव्हां लावावयाचा, टाकींत पाणी केव्हां चढवावयाचें, इस्त्री केव्हां करावयाची, हें सारें त्यावर ठरे. उन्हाळा तीव्र, परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर. ज्या घरांत दहावी-बारावीचा विद्यार्थी असे, तेथें इन्व्हर्टर ही चैन राहिली नाहीं. फ्रिज आणि दूरचित्रवाणी यांच्या पंक्तींत एक नवी पेटी येऊन बसली, आणि महिन्या-दोन महिन्यांनीं बॅटरींत डिस्टिल्ड वॉटर घालणें हें घरांतल्या कर्त्या माणसाचें नवें नित्यकर्म झालें.

त्या पेटींत वीज असते तरी किती? बारा व्होल्ट आणि १५० अँपिअर-तास यांचा गुणाकार १८०० वॅट-तास, म्हणजे पावणेदोन युनिटांहून किंचित् अधिक. पूर्ण रिकामी केली तर बॅटरी लवकर मरते, आणि थोडी वीज इन्व्हर्टर स्वतःच खातो. म्हणून हातीं बाराशें वॅट-तास लागतात असें धरावें. ७५ वॅटांचे दोन पंखे आणि ४० वॅटांच्या तीन नळ्या यांवर ती चार-साडेचार तास पुरते. हिशेब क्षुल्लक वाटतो. परंतु याच १८०० वॅट-तासांइतकें श्रम पाण्यांत राखावयाचे म्हटले, तर एक लाख लिटर पाणी सुमारें साडेसहा मीटर उंच चढवून ठेवावें लागेल. जिन्याखालीं बसणाऱ्या, दोन माणसांनीं उचलावयाच्या त्या पेटींत एक लहानशी पाणचक्कीच कोंडलेली आहे असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

येथेंच नहरीचा मुद्दा पुन्हां उभा राहतो. पाणचक्कीचें पीठ यात्रेकरूसाठीं होतें. अंबराची नहर नगरासाठीं होती. इन्व्हर्टरचा प्रकाश मात्र ज्यानें तो विकत घेतला त्याच्या उंबरठ्याच्या आंतच राहतो. आणि तो निव्वळ खासगी सोयीचा प्रश्न राहत नाहीं. बॅटरी भरतांना आणि तींतून वीज काढतांना मिळून सुमारें एक तृतीयांश वीज उष्णतेच्या रूपानें वायां जाते. म्हणजे दोन युनिटें वापरावयाचीं तर तारेंतून तीन युनिटें ओढावीं लागतात, आणि तीं ओढलीं जातात कधीं? तर भारनियमन संपून वीज आल्याबरोबर, साऱ्या घरांतून एकदमच. टंचाईवर शोधलेला हा उपाय टंचाईंतच भर घालतो. शहराहून खेड्यांत भारनियमनाचे तास अधिक होते. तेथें इन्व्हर्टर घेण्याची ऐपत कमी होती. ज्याच्याकडे अंधार अधिक त्याच्याकडे दिवा कमी, असा हा व्यवहार झाला. ज्याचें घर उजळलें त्याचा दोष नाहीं. मुलाच्या परीक्षेच्या रात्रीं कोणताहि बाप राज्याचा हिशेब मांडीत बसत नाहीं. परंतु हजारों घरांनीं स्वतःपुरती सोय करून घेतली, कीं सर्वांसाठीं सोय करा म्हणून मागणारा आवाज तितकाच क्षीण होतो, ही गोष्ट नाकारतां येणार नाहीं.

दुसरा हिशेब शिशाचा. बॅटरीचें आयुष्य कांहीं वर्षांचें. मग ती मोडींत जाते. शिसें पुन्हां वितळवून वापरतां येतें हा त्याचा गुण, पण उघड्यावर वितळविलें तर त्याचा धूर आणि धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतात हा त्याचा अवगुण. जुनी बॅटरी विक्रेत्यानें परत घ्यावी, असे नियम २००१ मध्यें झाले, आणि २०२२ मध्यें ते अधिक व्यापक करण्यांत आले. ते पाळले जाणें हें बरेंचसें ग्राहकाच्या हातीं आहे : जुनी पेटी रस्त्यावरच्या भंगारवाल्यास न देतां दुकानांत परत दिली, तर कोठें तरी एखादें मूल वांचतें.

२०१२ नंतर भारनियमन बरेंच ओसरलें. परंतु पुढच्याच वर्षीं, फेब्रुवारी २०१३ मध्यें, परळीचें विद्युत्‌केंद्र बंद ठेवावें लागलें. कोळसा नव्हता म्हणून नव्हे. पाणी नव्हतें म्हणून. औष्णिक केंद्राला वाफेसाठीं आणि थंडाव्यासाठीं पाणी लागतें, आणि त्या वर्षीं मराठवाड्याचीं धरणें कोरडीं पडलीं होतीं. विजेचा प्रश्न येथें फिरून पाण्यापाशींच आला. मलिक अंबराला पडलेला प्रश्न चारशें वर्षांनींहि या भूमीनें सोडलेला नाहीं.

मग सर्वांसाठीं वीज राखून ठेवणारी व्यवस्था शक्य आहे काय? तिचें एक उदाहरण याच जिल्ह्यांत आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाचा पाया १९६५ मध्यें लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें घातला गेला आणि १९७६ मध्यें इंदिरा गांधी यांच्या हस्तें धरणाचें उद्‌घाटन झालें. तेथें १९८४ मध्यें बारा मेगावॅटचें जें जलविद्युत्‌गृह झालें, त्याची योजना उदंचनाची होती : मागणी असेल तेव्हां पाणी खालीं सोडून वीज करावयाची, आणि वीज शिल्लक असेल तेव्हां तेंच पाणी पुन्हां वर चढवावयाचें. याच तत्त्वावर अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) व ठाणें जिल्ह्यांच्या सीमेवर घाटघर येथें अडीचशें मेगावॅटचें केंद्र २००८ मध्यें झालें. ही सार्वजनिक बॅटरी होय. तिच्यांत शिसें नाहीं, अम्ल नाहीं, केवळ पाणी आणि उंची.

आतां सूर्याची वीज आली आहे. तिची अडचण झऱ्याच्या अगदीं उलट : झरा रात्रंदिवस वाहतो, सूर्य रात्रीं नसतो. म्हणून तिला सांठवण अपरिहार्य आहे, आणि ती एकदिश असल्यामुळें इन्व्हर्टरहि अपरिहार्य आहे. शिशाची जागा हलके लिथियमचे घट घेऊं लागले आहेत. शहराजवळच्या बिडकीनच्या औद्योगिक क्षेत्रांत विजेवर चालणाऱ्या दुचाकी आणि त्यांच्या बॅटऱ्या यांचा कारखाना काढण्याची घोषणा २०२४ मध्यें झाली. टंचाईच्या दिवसांत जिन्याखालीं लपून बसलेली पेटी अशा रीतीनें उद्योगाच्या दर्शनी दालनांत येत आहे.

तंत्र बदलेल, धातु बदलतील, पेट्या लहान होतील. प्रश्न मात्र तोच राहील : सांठविलेलें कोणासाठीं? पाणचक्कीनें त्याचें उत्तर आपल्यापुरतें देऊन ठेवलें आहे. डोंगरांतलें पाणी तिनें उंचावर चढविलें, आणि दारांत आलेल्या पाहुण्यासाठीं पीठ दळलें.